प्लॉट विकण्याआधी विम्याचा अर्ज उघडा

सांगलीच्या एका वाचकांच्या १६ वर्षांच्या मुलीला जन्मजात लिपोडिस्ट्रॉफी आहे. अंगात चरबी जवळजवळ नाही, म्हणून चरबीच्या पेशींत तयार होणारे, भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरकही नाही. भूक आवरत नाही, मेद यकृतात आणि रक्तात साचतो आणि रोज २०० युनिट इन्सुलिन टोचूनही, म्हणजे ४०० युनिटची कुपी दोन दिवसांत संपवूनही, साखर उतरत नाही. लेप्टिनची जागा घेणारे, अमेरिकेत २०१४ साली मंजूर झालेले मेट्रेलेप्टिन हे इंजेक्शन मागवण्यासाठी ६० लाखांचा प्लॉट विकून १८ लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे ते विचारतात.

मोडू नये. आपल्याला सांगितलेला खर्च महिन्याला ९ लाख आहे, म्हणजे ७८ लाख नऊ महिनेही पुरत नाहीत. हे इंजेक्शन रोजचे आहे. थांबवले की साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला मेद, पुन्हा चढतात. 'वर्षभर दिले की शरीर सावरेल' या आशेला आधार नाही.

मला खरी धास्ती वाटली ती पत्रातल्या शेवटच्या ओळीची. तीन वर्षांपूर्वी आरोग्य विमा घेताना एजंटाच्या सांगण्यावरून आपण हा आजार लपवला, कारण म्हणे 'पाच वर्षे गेली की कोणी विचारत नाही'. पाच वर्षांनंतर कंपनीला जुनी माहिती उकरता येत नाही हे खरे, पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे, हे त्या गृहस्थांनी सोयीस्करपणे सांगितले नाही. घरी घेतलेले इंजेक्शन साध्या पॉलिसीत एरवीही बसत नाही. विमा लागेल तो ट्रायग्लिसराइड वाढून स्वादुपिंडाला सूज आली आणि मुलीला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर, आणि तेव्हा डिस्चार्ज कार्डावर 'जन्मजात' हा शब्द असणारच.

त्याच एजंटाने गळ्यात मारलेल्या बालपॉलिसीत वर्षाला दीड लाख, २० वर्षे भरून अंदाजे ५० लाख मिळतात. हा परतावा जेमतेम ५ टक्के झाला. त्यातले आपल्या जिवावरचे संरक्षण २० लाखांचे, आणि गृहकर्ज २२ लाखांचे! जिच्या औषधपाण्याचा खर्च आयुष्यभर चालणार, तिच्या वडिलांनी आधी दीड कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) घ्यावा. तो हातात आल्यावरच बालपॉलिसीचे हप्ते बंद करून ती पेड-अप करावी, म्हणजे आतापर्यंत भरलेल्या हप्त्यांवर कमी रकमेची चालू ठेवावी.

आरोग्य विम्याच्या कंपनीला खरी माहिती लेखी कळवा. ती प्रतीक्षा कालावधी लावेल, म्हणजे काही काळ या आजाराचा खर्च देणार नाही, जादा हप्ता मागेल, कदाचित पॉलिसीही रद्द करेल, आणि म्हणूनच १८ लाखांची ठेव रुग्णालयासाठी राखून ठेवायची. नूतनीकरण मार्चमध्ये आहे. पत्र त्याआधी स्वतः शाखेत द्या आणि पोच घ्या.