टूल धडकलं, पोरगं घरी बसलं

‘मशिनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात त्याच्या हातून सीएनसी धडकली, तेव्हापासून जातच नाही. त्याला कॉमर्सला घालू का?’ तासगावकडच्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगा शेजारीच मान खाली घालून बसलेला. सीएनसी म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आपोआप चालणारं मशीन, इथं लेथ. पहिल्यांदा सायकल स्टार्ट, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करायचं बटण, दाबताना हात थरथरणारी मुलं पुष्कळ असतात, म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या बैठकीत धीर देण्यात वेळ घालवला नाही. ‘काही होत नाही रे’ हे त्याला घरीदारी सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि त्या दिवशीचा प्रोग्रॅम आठवेल तसा ओळीओळीनं लिहायला सांगितला. चौथ्या ओळीला पेन थांबलं. बोरिंग बार, म्हणजे भोक आतून कापणारं लांब टूल, तीन नंबरच्या स्टेशनवर होता, म्हणजे टी०३०३ हवं होतं. त्यानं लिहिलं होतं टी०३०१.

यातले पहिले दोन आकडे टरेटवरच्या, म्हणजे टूलं धरणाऱ्या फिरत्या चकतीवरच्या टूलचे, शेवटचे दोन ऑफसेटचे, म्हणजे टूल किती पुढे आलंय त्या नोंदीचे. म्हणजे मशीननं बोरिंग बार पुढे आणला, पण लांबी धरली एक नंबरच्या टर्निंग टूलची. बार त्या टूलपेक्षा साधारण ६० मिलिमीटर पुढे आलेला. पुढची ओळ जी०० झेड५, म्हणजे रॅपिडनं, मशीनच्या पूर्ण वेगानं, जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) फेसपासून, समोरच्या सपाट बाजूपासून, ५ मिलिमीटरवर येऊन थांबायचं. ६० वजा ५ केलं की बारचं टोक फेसच्या आत ५५ जायला बघत होतं. गेलं नाही, आदळलं. इन्सर्ट (टोकाची कापणारी चकती) फुटला, बार वाकला, जॉब त्याला धरणाऱ्या चकमध्ये तिरका झाला.

‘स्क्रीनवर ग्राफिक बघितलं होतं, तिथं सगळं बरोबर होतं,’ मुलगा म्हणाला. बरोबरच दिसणार. ग्राफिकमध्ये प्रोग्रॅमची वाट दिसते, टरेटवर टूल खरोखर किती पुढे आलंय ते दिसत नाही. ग्राफिक ठीक दिसलं की सेटिंगही ठीक, असं धरणारे कामगारसुद्धा भेटतात.

त्याला सगळ्यात जास्त खात होतं ते ‘मी वेळेत फीड होल्ड दाबलं नाही’ हे. फीड होल्ड म्हणजे टूल जागीच थांबवायचं बटण. त्याचा हिशेब केला. रॅपिड मिनिटाला २४ मीटर धरला तर सेकंदाला ४०० मिलिमीटर. माणसाचा हात हलायला पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात टूल १०० मिलिमीटर गेलेलं असतं. म्हणजे पूर्ण रॅपिडवर कुणीच वेळेत दाबू शकलं नसतं. चूक त्याची होतीच, पण ती हाताच्या वेगाची नव्हती. रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे रॅपिडचा वेग कमी करायचं बटण, २५ टक्क्यांवर आणला नाही, एकेका ओळीनंतर थांबवणारा सिंगल ब्लॉक लावला नाही, ही खरी चूक. हे ऐकल्यावर त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

मग त्याच्या शिक्षकांशी बोलून परतीचा रस्ता ठरवला. पहिला आठवडा मशीनला हात लावायचा नाही, दुसऱ्यांचं सेटिंग बघून ऑफसेटचे आकडे वहीत उतरवायचे. दुसऱ्या आठवड्यात जी५४च्या (जॉबचं शून्य कुठं ते सांगणाऱ्या नोंदीच्या) वरच्या सामाईक ऑफसेटमध्ये झेड १०० टाकून, म्हणजे सगळं १०० मिलिमीटर मागे सरकवून, सगळा प्रोग्रॅम हवेत चालवायचा. यात टी०३०१सारखी चूक झाली तरी टूल ४५ मिलिमीटर लांबच थांबतं, आणि १०० काढायचे राहिले तरी नुसती हवाच कापली जाते. तिसऱ्या आठवड्यात खरा जॉब, पण प्रत्येक टूल आधी झेड १००ला थांबवायचं आणि फेसपासून टोकापर्यंत स्टीलची पट्टी लावायची. १०० भरले तरच पुढे. त्या दिवशी ही पट्टी लावली असती तर ४० दिसले असते.

वर्गात त्याला ‘चकफोड्या’ म्हणत. याची दखल शिक्षकांनी घ्यावी, असं स्पष्ट सांगावं लागलं. मशीनची भीती पट्टीनं मोजता येते, हसण्याची नाही.

वडिलांची खरी काळजी पुढे निघाली: ‘कुपवाड एमआयडीसीत कळलं तर नोकरी कोण देणार?’ कळण्याचं कारण नाही. आणि मुलाखतीत विषय निघालाच, तर ऑफसेट कुठं चुकला हे सांगता येणारा मुलगा ‘माझ्या हातून कधीच काही झालं नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा उजवा वाटेल, असं आमचं मत.

कॉमर्सचा प्रश्न मुलालाच विचारला, वडिलांना बाहेर बसवून. कारण काही मुलांना धडकेची भीती नसतेच, आठ तास उभं राहणं आणि कूलंटचा (कापताना सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाचा) वास नकोसा असतो, आणि मग धडक हे नुसतं निमित्त होतं. तसं असेल तर शाखा बदलण्यात गैर काही नाही. या मुलाला मशीन हवं होतं. झोप मात्र तीन आठवडे नीट नव्हती. ती आणखी लांबली असती तर त्याला डॉक्टरांकडे पाठवलं असतं, पण हवेतला प्रोग्रॅम चालला त्या आठवड्यात ती सुधारली.

आता तो टर्निंग, फेसिंग, थ्रेडिंग एकटा करतो. बोरिंगच्या वेळी मात्र अजून सरांना शेजारी उभं करतो. सरांची हरकत नाही.