वाचकांचे प्रश्न: दहा टक्के, पण कशाचे?

प्रश्न: आमचं कराडजवळ फर्निचरचं वर्कशॉप आहे. जुना सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) घेतलाय. सागवानी देवघराच्या दारावर गणपती कोरतो, मापाने ३०० बाय ४५० मिलिमीटर. टूल टेपर बॉलचं आहे, म्हणजे निमुळतं आणि गोल टोकाचं, शँक (मशीनमध्ये पकडायचा दांडा) ६ मिमी, टोक आर ०.५, म्हणजे त्रिज्या अर्धा मिमी. सॉफ्टवेअरच्या टूल डेटाबेसमध्ये ६ मिमीचं बॉल नोज (गोल टोकाचं सरळ टूल) निवडून स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर, १० टक्के ठेवला. रफिंग, म्हणजे जास्तीचं लाकूड आधी ढोबळ काढणं, वेगळं करत नाही, एकाच टूलने सगळं उरकतो. गणपतीच्या पोटावर नांगरल्यासारख्या रेषा येतात, आणि सोंड फाईलमध्ये दिसते त्यापेक्षा जाड निघते. ३ टक्के केलं की रेषा जातात, पण मशीन दिवसभर एकाच दारावर अडकतं. काका, मधला आकडा कोणता ठेवू?

उत्तर: मधला आकडा शोधू नका. आधी ते टक्के कशाचे धरलेत ते बघा. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलंत, टूल ६ मिमीचं. त्याने ६ चे १० टक्के काढले आणि दोन फेऱ्यांमध्ये ०.६ मिमी अंतर ठेवलं. लाकडाला मात्र शँक लागत नाही, टोक लागतं. आर ०.५ म्हणजे टोकाचा व्यास १ मिमी. त्या हिशेबाने तुमचा स्टेपओव्हर ६० टक्के झाला! रेषा येणारच.

खात्री करायची असेल तर दार खिडकीपाशी न्या, बॅटरी अगदी आडवी धरा आणि स्टीलपट्टी रेषांना आडवी लावून १२ मिमीत किती रेषा येतात ते मोजा. वीसच्या आसपास आल्या तर दोष सेटिंगचा. रेषा कुठे दाट, कुठे विरळ असतील तर मात्र मशीनचे नट-बोल्ट आणि झेडची (टूल वर-खाली करणाऱ्या भागाची) ढिलाई आधी बघा, स्टेपओव्हरला हात लावू नका.

आता कंगोऱ्याचा हिशेब. बॉलच्या दोन फेऱ्यांमध्ये जो कंगोरा उरतो, त्याची उंची सपाट जागी साधारण अशी निघते: स्टेपओव्हरचा वर्ग, भागिले बॉलच्या व्यासाची चौपट. तुमच्या टोकाला ०.६ चा स्टेपओव्हर म्हणजे ०.३६ भागिले ४, ०.०९ मिमी. नखाला लागतो इतका. ३ टक्क्यांना स्टेपओव्हर ०.१८ झाला, कंगोरा ०.००८ वर आला. रेषा गेल्या त्या यामुळे. पण ३०० मिमी रुंदीत ०.१८ ने गेलं की सुमारे १६६७ फेऱ्या होतात, प्रत्येक ४५० मिमीची. टूलला ७५० मीटर चालावं लागतं. मिनिटाला ३००० मिमीचा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) धरला तरी चार तास दहा मिनिटं, तेही कागदावर. रिलीफमध्ये (उठावाच्या कोरीवकामात) झेड सतत वर-खाली होतो, त्यामुळे स्क्रीनवर ३००० दिसत असलं तरी मशीन त्या वेगाला क्वचितच पोचतं.

वर्गाची गंमत अशी की स्टेपओव्हर निम्मा केला तर वेळ दुप्पट होतो, पण कंगोरा चौथाई होतो. आणि बॉल मोठा घेतला तर तेवढाच कंगोरा कमी फेऱ्यांत मिळतो. ३ मिमी व्यासाचं बॉल नोज घ्या, स्टेपओव्हर ०.३ मिमी ठेवा. कंगोरा ०.००७५, म्हणजे तुमच्या ३ टक्क्यांइतकाच गुळगुळीत. फेऱ्या १०००, चाल ४५० मीटर, कागदावर अडीच तास. पोट, प्रभावळ, पाट, मागची सपाटी सगळं यातच उरका. मग डोळे, दात, मुकुट आणि मोदक यांच्याभोवती बाऊंड्री आखून फक्त तिथे आर ०.५ फिरवा, स्टेपओव्हर ०.१२. समजा ती जागा ८० बाय १०० मिमी आहे, तर वीस-बावीस मिनिटांचं काम.

याहून बारीक जाण्यात मला अर्थ दिसत नाही. कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचो तेव्हा पृष्ठभागावर जीव टाकायचो, कारण पॅटर्नवर ओरखडा असला की तो वाळूत उमटतो आणि वाळूतून कास्टिंगवर. देवघराच्या दाराचं तसं नाही. सागाची छिद्रं उघड्या डोळ्यांना दिसतात. त्या लाकडावर ०.००२ च्या कंगोऱ्यासाठी मशीन रात्रभर फिरवणं म्हणजे निव्वळ वीजबिल. २२० चा पॉलिश पेपर हलक्या हाताने एकदा फिरला की झालं. जोर लावलात तर मुकुटाच्या कडा मात्र गेल्या.

सोंड जाड का निघते, तेही त्याच चुकीच्या टूलमुळे. सॉफ्टवेअरला वाटतंय टोक ३ मिमी त्रिज्येचं आहे. उतारावर एवढ्या मोठ्या गोळ्याची बाजू लाकडाला लागेल असं धरून ते टूलला दूर ठेवतं. तुमचं बारीक टोक तिथवर पोचत नाही आणि लाकूड उरतं. अरुंद खाचेत तर ते टूल उतरूच देत नाही. तेव्हा डेटाबेसमध्ये टेपर बॉल म्हणून नवं टूल भरा, टोकाची त्रिज्या आणि बाजूचा कोन पाकिटावर असतो तसाच. स्टेपओव्हर टक्क्यांत न बघता मिलिमीटरच्या खान्यात बघायची सवय लावा.

रफिंग मात्र चुकवू नका. अख्खी खोली आर ०.५ ने काढलीत तर एक दिवस टोक मोडेल. ६ मिमीचं दोन धारांचं एंड मिल (सपाट टोकाचं टूल), स्टेपओव्हर ४५ टक्के म्हणजे २.७ मिमी, एका पासला ३ मिमी खोली, वर अर्धा मिमी शिल्लक. स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) मिनिटाला १६००० फेरे आणि फीड ३००० ठेवला की प्रत्येक धार सुमारे ०.०९ मिमीची चिप काढते. फीड घाबरून ८०० वर आणलात तर टूल कापायचं सोडून घासतं, लाकूड काळं पडतं. सागात सिलिका असते, त्यामुळे कार्बाइडची धारही लवकर जाते. घासल्याने आणखी लवकर.

फिनिशिंगच्या फेऱ्या धाग्याच्या दिशेने टाका. तुमच्या दारात धागा उभा, लांबीही उभी, म्हणजे वळणंही कमी. राहिले सोंडेच्या बाजूंचे उतार. साठ अंशांच्या उतारावर दोन फेऱ्यांतलं अंतर प्रत्यक्षात दुप्पट होतं, म्हणून पोट गुळगुळीत आणि सोंडेची कड खरखरीत असं होतं. तेवढ्याच भागावर बाऊंड्री घालून आडवा रास्टर (समांतर फेऱ्यांचा पास) एकदा द्या. सगळ्या दारावर आडवा पास देणारेही आहेत. मला तो वेळेचा अपव्यय वाटतो, शिवाय धाग्याला आडवं गेलं की सागाची लव उठते.

प्रश्न: एमडीएफमध्ये पॉकेट (सपाट तळाचा खड्डा) करतो. तळावर हाताला पायऱ्या लागतात. स्टेपओव्हर ४० वरून २० टक्के केला, तरी आहेतच. (इचलकरंजी)

उत्तर: सपाट टूलने कंगोरा उरायचं कारण नाही. तुमचा स्पिंडल काटकोनात नाही. स्टेपओव्हर कमी केल्याने पायरी बुटकी होते आणि संख्या वाढते, एवढंच. कोलेटमध्ये (टूल जिथे पकडतो तिथे) आडवी दांडी पकडा, तिच्या टोकाला डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावा, स्पिंडल हाताने फिरवून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे रीडिंग घ्या. त्याआधी मशीनची मेन स्विच बंद. फरक दिसला तर स्पिंडलच्या प्लेटचे बोल्ट सैल करून पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला, पुन्हा बघा. जुळलं की खालचा स्पॉइलबोर्ड (जॉबखालची फळी) एकदा फेस करून, म्हणजे वरून सपाट कापून, घ्या, नाहीतर डायल बरोबर आणि जॉब तिरका.