वेतन आयोग आणि गोव्यातील शिक्षक

प्रश्न : मी डिचोलीतील एका अनुदानित हायस्कुलात शिकवते. केंद्रीय वेतनाच्या बोलण्यांत आमच्या संघटनेला जागा का नसते?

उत्तर : ताई, आपली खंत रास्त आहे. केंद्र सरकार आणि त्याचे कर्मचारी यांच्यातील बोलण्यांसाठी १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. परंतु तिच्या राष्ट्रीय परिषदेत कर्मचारी पक्षाच्या जागा रेल्वे, टपाल, संरक्षण अशा केंद्रीय खात्यांतील संघटनांकडे असून राज्यातील शिक्षक तिच्या कक्षेतच येत नाहीत. वेतन आयोग निराळा. तो वाटाघाटी करत नाही, तर निवेदने वाचून आणि संघटनांचे म्हणणे ऐकून शिफारशी करतो, आणि त्या स्वीकारायच्या की नाहीत हे प्रत्येक राज्य सरकार स्वतंत्रपणे ठरवते. म्हणून आपले म्हणणे पर्वरीला गोवा सरकारच्या सचिवालयातच नेटाने मांडले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सातव्या आयोगाने जुन्या मूळ वेतनाला (ग्रेड पे, म्हणजे पदाच्या श्रेणीनुसार त्यात मिळवली जाणारी रक्कम, धरून) २.५७ ने गुणून नव्या वेतन तक्त्यातील टप्पा ठरवला होता. त्यामुळे सेवापुस्तिकेत, म्हणजे आपल्या नोकरीच्या नोंदवहीत, एखादी वेतनवाढ नोंदवायची राहून गेली असेल, तर ती चूक त्याच पटीने पुढे जाते. संघटनेने निवेदनाइतकीच काळजी सभासदांच्या या नोंदी तपासण्याचीही घ्यावी. आपणही या आठवड्यात कार्यालयात जाऊन आपली पुस्तिका पान न् पान पाहा.