घरी न कळता कागद होतील का?

‘मॅडम, घरी न सांगता सगळे कागद होतील ना?’

मी समुपदेशक आहे. परदेशात नोकरी करणारी आणि परदेशी जोडीदाराशी लग्न करू पाहणारी मराठी मुलं-मुली माझ्याशी ऑनलाइन बोलतात, त्यांच्याकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्यावर लिहायलाच बसले. जोडीदार निरनिराळ्या देशांचे असतात, अलीकडे बऱ्याचदा फिलिपिन्सचे. त्यात नवल काही नाही. दुबई, सिंगापूर, जर्मनी, जिथं आपले इंजिनिअर जातात तिथल्या रुग्णालयांत फिलिपिनो नर्सेस असतातच. जर्मनीनं तर २०१३ पासून ‘ट्रिपल विन’ योजनेखाली त्यांची रीतसर भरती केली आहे.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. त्याला सागर म्हणूया, तिला ग्रेस. तो सातारा जिल्ह्यातल्या गावचा, वय ३२, श्टुटगार्टजवळ नोकरीला. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची, श्टुटगार्टजवळच्याच रुग्णालयात नर्स. एकत्र राहायला लागून वर्ष झालेलं. गावी अण्णा आणि आई सागरसाठी स्थळं बघत होते.

पहिल्याच भेटीत त्यानं स्क्रीनवर एक्सेलची शीट उघडली. डाव्या रकान्यात ग्रेसचे कागद, उजव्या रकान्यात त्याचे. मिळालेला कागद हिरवा, राहिलेला लाल.

‘जर्मन लोकांनी वैताग आणलाय, मॅडम. आणि फिलिपिन्सचे नियम तर त्याहून किचकट.’

तक्रार अगदीच खोटी नव्हती. जर्मनीतलं विवाह नोंदणी कार्यालय परदेशी माणसाकडं ‘तुमच्या देशाच्या कायद्यानं तुम्ही लग्न करू शकता’ असा दाखला मागतं. आपल्याकडं असा दाखला देणारं खातंच नाही. मग तिथल्या वरिष्ठ प्रांतिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून त्या दाखल्यातून सूट मिळवायची. ती सूट सहा महिनेच चालते. त्यातून भारत असो की फिलिपिन्स, दोन्हीकडच्या कागदांवर जर्मन वकिलाती शिक्का मारून देत नसत, त्या ते तपासून घेत. तपासणी म्हणजे स्थानिक वकिलामार्फत चौकशी. माणूस शाळेत जातो, नोंदणी कार्यालयात जातो, आजूबाजूला विचारतो. महिने जातात, खर्च जोडप्याचा.

मी शीटकडं बघत होते. डावा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा. जन्मदाखला आलेला. ‘सेनोमार’ आलेला, म्हणजे आमच्या नोंदीत हिचं लग्न झालेलं नाही असा फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणाचा दाखला. तिच्या वकिलातीनं दहा दिवस नोटीस लावून लग्नाच्या पात्रतेचा दाखलाही दिलेला. उजव्या रकान्यात एकटा पासपोर्ट हिरवा.

‘किचकट नियम कुणाचे म्हणालात?’

तो हसला, पण विषय लगेच डेन्मार्ककडं वळवला. डेन्मार्क ही युरोपातल्या अशा जोडप्यांची ठरलेली वाट. २०१९ पासून तिथं एकच केंद्रीय संस्था परदेशी जोडप्यांचे अर्ज तपासते. ती प्रमाणपत्र देते, ते चार महिने चालतं, तेवढ्यात टोंडर, एअरो बेट किंवा कोपनहेगन असं कुठंही लग्न लावता येतं. गावात चौकशीला कुणी येत नाही. लग्न पूर्ण कायदेशीर असतं. जिथं लग्न झालं तिथल्या कायद्यानं ते वैध असेल तर आम्हालाही ते मान्य, असं फिलिपिन्सच्या कौटुंबिक संहितेचं २६ वं कलमच सांगतं. अपवाद आहेत, पण या दोघांना त्यातला एकही लागू नव्हता.

‘मग अडलंय कुठं?’

‘ग्रेस नको म्हणते. का, ते सांगत नाही.’

पुढच्या वेळी मी ग्रेसलाही बसायला सांगितलं. ड्यूटीवरून थेट आलेली, केस अजून बांधलेले. इंग्रजीत बोलली, आवाज अजिबात न चढवता.

‘माझ्या आईनं स्वतः जाऊन माझा सेनोमार काढला आणि चर्चमध्ये चारजणांना दाखवला. माझ्या कागदावर माझं सरकार सही करतं. याच्या कागदावर फक्त हाच सही करणार. याच्या घरात माझं नावही कुणाला माहीत नाही. मग मी कुणाला विचारायचं?’

सागर ताडकन म्हणाला, ‘माझं लग्न झालेलं असेल असं वाटतं तुला?’

‘नाही वाटत. पण तुझ्या गावात जाऊन विचारणारा माणूस तुला नको आहे, एवढं मला दिसतं.’

बराच वेळ तिघंही गप्प होतो. अशी शांतता मी मोडत नाही. नव्यानं काम करणाऱ्या समुपदेशकांना ती जड जाते आणि ते काहीतरी छान बोलून टाकतात. इतक्या वर्षांत मला जे थोडं जमलंय, त्यात हे गप्प बसणं येतं.

ग्रेसनं एका वाक्यात जे सांगितलं, ते त्या शीटमध्ये मला कधीच सापडलं नसतं. आपल्याकडं प्रत्येकाच्या लग्नाची देशभर एका जागी नोंद नसते. त्यामुळं अविवाहित असल्याचा पुरावा म्हणजे स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, बऱ्याचदा जोडीला आईवडिलांचंही. थोडक्यात, माणसांचा शब्द. सागरला ती माणसं टाळून पुरावा हवा होता. ‘कागद जमत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. बरेचदा अडलेला कागद तोच असतो, ज्यासाठी घरी फोन करावा लागणार असतो.

पुढचं बोलणं मी त्याच्याशी एकट्याशी केलं.

‘घरी सांगितलंत तर काय होईल?’

‘आई कोसळेल.’

‘कोसळेल म्हणजे काय करेल? रात्री सांगितलंत. सकाळ झाली. आई काय करतेय?’

‘रडेल. जेवणार नाही. मामाला फोन लावेल. मामा मला फोन करून झापेल.’

‘आणि चौथ्या दिवशी?’

तो विचारात पडला. ‘चौथ्या दिवशी... चहा करेल. अण्णांना विचारेल, ती पोरगी भात खाते का.’

‘खाते?’

‘तीन वेळा खाते, मॅडम!’ आणि तो खदखदून हसला. हसता हसता डोळे पुसले.

‘हे चार दिवस आईला झेपतील?’

‘तिला झेपतील. तिनं माझ्या आज्जीचं सगळं काढलंय. ती खंबीर आहे.’

‘मग कुणाला झेपणार नाहीत?’

उत्तर द्यायची त्याला गरज पडली नाही.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे भीतीमागचा विचार तपासून बघत काम करते आणि माझा तिच्यावर भरवसा आहे तो अशाच वेळांमुळं. ‘कोसळेल’, ‘आभाळ फाटेल’ असल्या शब्दांना मी सकाळी उठून कामाला लावते. भीती तपशिलात उतरली की मापात येते. इथं तर ती आईच्या दुःखाचीही नव्हती. ते दुःख फोनच्या पलीकडून बघत बसण्याची होती. ‘मी आईला जपतोय’ असं वर्षभर घोकणारा मुलगा स्वतःला जपत होता. मी हे त्याला म्हटलं असतं तर त्यानं वाद घातला असता. तो स्वतःच तिथवर गेला.

तुम्ही याच जागी असाल तर माझा सल्ला सरळ आहे. कागद सुरू करायच्या आधी सांगा. चौकशीचा माणूस दारात आला आणि आईला शेजारणीकडून कळलं, तर ती जखम वेगळी असते. पहिलं बोलणं जोडीदाराला शेजारी बसवून करू नका. ती ओशाळते आणि आईला मनमोकळं रडताही येत नाही. परवानगी मागू नका, बातमी द्या. मदत मात्र नक्की मागा. शाळा सोडल्याचा दाखला आईच्या कपाटातच असतो आणि तो शोधून देणारा माणूस त्या लग्नात थोडा सामील झालेला असतो. सागरनं घरी सांगितल्यावर अण्णा दोन महिने बोलले नाहीत, पण दाखला त्यांनीच स्कॅन करून पाठवला.

घरच्यांचे ठरलेले प्रश्न येतील, उत्तरं तयार ठेवा. ‘त्या लोकांत लग्नं टिकतात का?’ हा त्यातला पहिला. फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा अपवाद सोडला तर घटस्फोटाचा कायदाच नाही, हे ऐकल्यावर बऱ्याच सासवा गप्प होतात. उलट घाबरायचं तर तिच्या घरच्यांनी. परदेशी नवऱ्यानं बाहेर घटस्फोट घेतला तर तो फिलिपिन्सच्या न्यायालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो, त्याशिवाय तिच्या देशाच्या नोंदीत ती विवाहितच राहते. हे ग्रेसनं सागरला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते. परदेशी जोडीदाराशी लग्न करून देश सोडणाऱ्या नागरिकांना फिलिपिन्सनं समुपदेशन सक्तीचं केलंय, त्याचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या सरकारला हे कधी सुचणार?

दुसरा हट्ट असतो, ‘आधी गावात आपल्या पद्धतीनं करू, मग तिकडं काय ते करा.’ सप्तपदी जरूर करा, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका. हिंदू विवाह कायद्याखाली दोघंही हिंदू असावे लागतात. हिंदू आणि ख्रिश्चन यांचं त्या कायद्याखालचं लग्न सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये अवैध ठरवलंय. भारतात नोंदवायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, ३० दिवसांची नोटीस धरून. बाहेर केलंत तर तिच्या वकिलातीत विवाहाचा अहवाल द्यायला विसरू नका, शक्यतो वर्षाच्या आत. नाहीतर लग्न होऊनही तिच्या देशाचा कागद तिला अविवाहित म्हणत राहतो. सून म्हणून तिला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक राहूनही भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, हवं असेल तर लग्नाला सलग दोन वर्षं व्हावी लागतात.

आणि सागर-ग्रेस? शेवटी ते डेन्मार्कलाच गेले. न्यायालयाकडून सूट मिळवायला आणि चौकशीला लागणारे महिने त्यांना नको होते, आणि आता ग्रेसचीही हरकत नव्हती. गावात सगळ्यांना माहीत झालं होतं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एअरोच्या नोंदणी कार्यालयातून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. अण्णा कॅमेऱ्यात आले नाहीत, पण मागून ‘आवाज वाढव’ म्हणाल्याचं सागरनं ऐकलं. पाच भाषांतलं विवाहाचं प्रमाणपत्र त्यानं मला त्याच दिवशी पाठवलं.

आता घरात सत्यनारायणाची पूजा जानेवारीत घालायची की मे महिन्यात, यावरून वाद चाललाय. आईला आंब्याच्या दिवसांत सून यायला हवी आहे, ग्रेसला रजा जानेवारीत मिळते. सागरनं मला मध्ये पडायला सांगितलं. मी नाही म्हटलं, दोघी एकमेकींशी थेट बोलतात आता.