बाप अंडं पायावर घेऊन उभा राहतो, ते का?

प्रश्न : गेल्या रविवारी लेकीला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला नेलं होतं. आई कोणती आणि बाबा कोण, हे तिला ओळखायचं होतं, मला काही सांगता आलं नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, पेंग्विनचे बाबा उपाशी राहून अंडं सांभाळतात हे खरं का? आणि एवढ्या थंडीत अंडं घालायचंच कशाला? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, ओळखता आलं नाही यात तुमची काही चूक नाही हो, नुसतं बघून तिथल्या कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही. नर-मादी दोघं दिसायला सारखेच आणि अवयव बाहेर दिसत नाहीत, म्हणून पिसाची नाहीतर रक्ताची डीएनए टेस्ट करून ठरवतात.

उपाशी राहणारा बाप मात्र राणीच्या बागेतला नाही, तो अंटार्क्टिकातला एम्परर पेंग्विन. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे हिवाळा सुरू होताना, हे सगळे बर्फावर जमतात, घरटं वगैरे काही नाही, आणि मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, साधारण अर्धा किलोचं. मग ते नराकडे द्यायचं असतं आणि हाच सगळ्यात नाजूक क्षण, कारण हात नाहीत! दोघं समोरासमोर अगदी चिकटून उभे राहतात, ती पाय जरा फाकवते, अंडं बर्फावर घरंगळतं आणि तो चोचीनं पटकन ओढून आपल्या पायांवर घेतो आणि वरून पोटाची घडी पांघरतो. त्या घडीच्या आत पिसं नसतात, उघडी गरम कातडी थेट अंड्याला लागते. यात उशीर झाला की अंडं गोठलंच, मग त्या वर्षी त्या जोडीला पिल्लू नाही.

तोवर मादीच्या पोटात महिनाभराहून जास्त काही गेलेलं नसतं आणि वर अंड्याला ताकद लागलेली, म्हणून ती समुद्राकडे जाते. आपल्याकडे खुडूक कोंबडी 21 दिवस बसते, तीही मधून उठून दाणे टिपते. हा 65 दिवसांच्या आसपास उभा, उणे 40 च्या थंडीत, बाकीच्या बापांना चिकटून. आल्यापासूनचा उपास धरला तर जवळजवळ 115 दिवस होतात, वजन 40 टक्क्यांपर्यंत उतरतं. आणि मादी यायच्या आत पिल्लू बाहेर आलंच तर कबुतरासारखं गळ्यात तयार झालेलं दूध पाजतो, स्वतःच्या पोटात काही नसताना! मला हे दरवेळी वाचताना भरून येतं.

आता थंडीत का, तर हिशेब उलटा मांडायचा. पिल्लाला मोठं व्हायला पाचेक महिने लागतात आणि ते पाण्यात उतरायला हवं डिसेंबर-जानेवारीत, तिकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा खायला भरपूर असतं. तिथून मागे मोजत आलात की अंडं हिवाळ्यातच येतं. पण हा हिशेब बर्फाच्या भरवशावर आहे. 2022 च्या शेवटी अंटार्क्टिकाला लागून असलेल्या बेलिंगसहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला, पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं आलेली नव्हती आणि तिथल्या पाचपैकी चार वसाहतींची त्या वर्षीची पिल्लं गेली असंच शास्त्रज्ञ धरून चालतात. एवढे उपास काढून!

तुम्ही पाहिलेले हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फाशी देणंघेणं नाही, ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरांत बिळं करून राहायचे, पण खतासाठी माणसानं ते थरच खरवडून नेले, त्यामुळे आता बऱ्याच जणांना उघड्यावर नाहीतर खडकांच्या कपारीत घरटं करावं लागतं. यांची बहुतेक वेळा दोन अंडी, 40 दिवसांच्या आसपास उबवायची आणि आई-बाबा दोघं आळीपाळीनं बसतात. तेव्हा लेकीला सांगा, पुढच्या वेळी घरट्यात कोणी बसलेलं दिसलं तर ते आई असेल नाहीतर बाबा, दोन्ही उत्तरं चालतील.