कुंडीतल्या लिंबूच्या झाडाच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या, पण मधला भाग पिवळा पडतोय. एप्सम सॉल्ट देऊनही फरक नाही. काय करावं?

पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे, यातच उत्तर आहे. एप्सम सॉल्टमधून मॅग्नेशियम मिळतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. नत्र (नायट्रोजन) आणि पालाशचंही (पोटॅशियम) तसंच. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता थेट नव्या पालवीवर दिसते. तुमच्या झाडाला बहुधा लोह मिळत नाहीये. एप्सम सॉल्ट थांबवा.

खात्री पानावरच करा. 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. खडे फिकट हिरवे हवेत. तांबूस झालेले वापरू नका, त्यातलं लोह गंजलेलं असतं. कापसाने एका पिवळ्या पानाचा अर्धाच भाग, वरून-खालून ओला करा. संध्याकाळी करा, कडक उन्हात पान करपतं. आठ-दहा दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला, तर निदान पक्कं.

लोह मातीत बहुतेक वेळा असतंच, पण मातीचा सामू (पीएच) 7 च्या वर गेला, म्हणजे माती अल्कधर्मी झाली की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. सतत क्षारयुक्त पाणी दिल्याने असं होतं. बोनमील (हाडांचं खत) जास्त झालं तरी त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) लोहाला धरून ठेवतं. अशा मातीत नुसतं हिराकस ओतणं वाया जातं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) घ्या, 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, आणि ओलसर मातीत ओता. पाकिटावर ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते फवारणीला चालेल. जास्त सामूच्या मातीत टिकत नाही.

पण त्याआधी कुंडीच्या तळाचं भोक तपासा, हे कृपया टाळू नका. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि समोर असलेलं लोहही ती घेऊ शकत नाहीत. मुळं तपकिरी, मऊ, कुबट वासाची असतील तर आधी माती बदला. औषध नंतर.

उपाय लागू पडतोय का, हे पुढच्या पालवीवरून ठरवा. ती हिरवी आली पण पानं बारीक, अरुंद आणि गुच्छासारखी दाटलेली असतील, तर जस्तही कमी आहे. मग लोह आणि जस्त दोन्ही असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण फवारा.