झाडपाल्याचंच आहे ना, मग बाळाला काय होणार?

मागच्या महिन्यात एक आई आली, दीड वर्षाची लेक कडेवर आणि सोबत सासूबाई. बसायच्या आधीच तिने पिशवीतून स्टीलचा डबा आणि ऑनलाइन मागवलेली तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. मॅडम दोन्ही नॅचरल आहे हो, केमिकल काहीच नाही, मग हिच्या अंगावर हे काय उठलंय? पोरीच्या कोपराचे आणि गुडघ्यामागचे खळगे लालबुंद, खाजवून खाजवून सालपटं निघालेली.

डब्यात आजींचं उटणं. मसूरडाळीचं पीठ, आंबेहळद, वाळवलेली संत्र्याची साल, आणि भिजवताना दूध नि लिंबू. मी चिमूटभर मनगटावर चोळून बघितलं तर मलाच टोचलं. बाटलीवर लॅव्हेंडर, टी ट्री आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात फ्रेग्रन्स, म्हणजे वासाची द्रव्यं.

आजी रडवेल्या झाल्या, माझी चारही पोरं याच्यावरच वाढली म्हणाल्या. त्यांना मी आधी हेच सांगितलं की आजी तुमची माया चुकलेली नाही, पण या पोरीची कातडी मुळात कोरडी आहे, हा एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाज सुटण्याचा आजार, असू शकतो, स्किनच्या डॉक्टरांना आजच दाखवा.

हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून सांगते, झाडातही केमिकलच असतं. लिंबाचा रस अंगाला राहिला आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. टी ट्री तेल पोटात गेलं तर विषारी, आणि कापराने तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, सर्दी झाली म्हणून छातीला चोळू नका प्लीज. आणि जे फार कुणाला माहीत नसतं ते म्हणजे फुटलेल्या कातडीवर दूध, बदाम तेल, डाळीचं पीठ असं खाण्याचं काही चोळत राहिलं तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी व्हायचा धोका वाढतो.

मग ठरलं असं, उटणं आणि ती बाटली बंद, डॉक्टर देतील ते मलम, कोमट पाण्याने झटपट अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. नवीन काही लावायचं तर डॉक्टरांना विचारून, एका वेळी एकच, आणि तेही आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघायचं.

तीन आठवड्यांनी आजी एकट्याच नातीला घेऊन आल्या. कोपरं बरीच निवळली होती, कातडी कुठे फुटलेली नव्हती. म्हणाल्या, डॉक्टर साधं खोबरेल चालेल म्हणाले, दोन दिवस हातावर लावून बघितलं, काही उठलं नाही, आता मालिश करू ना मी? म्हटलं, करा की आजी, हलक्या हाताने.